हा नंबर कोणाचा? गाडीच्या जीपीएसमधले कोड ओळखायला शिकताना

द्राक्षांचा हंगाम होता. आमचे दोन टेम्पो सांगलीहून वाशी मार्केटला निघाले होते, दोघांमध्ये तीन तासांचं अंतर. पुढच्या टेम्पोच्या ड्रायव्हरचा फोन पहाटे लागेना. नकाशावर पाहिलं तर गाडी खंबाटकी घाटापाशी थांबलेली दिसली. ओळखीच्या मेकॅनिकला झोपेतून उठवून तिकडे पाठवलं. तिथे उभा होता मागचा टेम्पो, अगदी ठणठणीत. ड्रायव्हर चहाला थांबला होता. खरा बंद पडलेला टेम्पो शंभराहून अधिक किलोमीटर पुढे, खालापूरजवळ, अ‍ॅक्सल तुटून उभा होता. माल दुपारपर्यंत उन्हात राहिला.

जीपीएसचं यंत्र बिघडलं नव्हतं, सिम चालू होतं, सर्व्हरही बरोबर चालला होता. दोन्ही यंत्रं, आमच्या भाषेत डबे, एकाच दुपारी यार्डात बसवली होती आणि कार्यालयात नोंद करताना त्यांचे नंबर एकमेकांच्या गाडीसमोर लिहिले गेले होते. ती नोंद मीच केली होती. तेव्हापासून नवीन मुलगा किंवा मुलगी ट्रॅकिंगच्या कामाला आली की मी नकाशा शेवटी दाखवतो. आधी एकच प्रश्न विचारायला शिकवतो: समोरचा हा नंबर कोणाचा आहे? गाडीचा, डब्याचा, सिमचा, की डब्याने पाठवलेल्या निरोपाचा?

चार-पाच गाड्यांचा स्वतःचा व्यवसाय असलेले मालक आणि कार्यालयात नुकतंच हे काम हाती घेतलेले लोक, या दोघांसाठी हा लेख आहे. वाचताना एक गाडी आणि तिचा डबा समोर असेल तर फारच उत्तम.

पहिली पायरी: आधी गाडीजवळ जा

कागद-पेन घेऊन गाडीपाशी जा. कार्यालयात बसून, कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या अंधुक फोटोवरून नंबर उतरवू नका.

नंबर प्लेटवरचा क्रमांक सगळ्यांना वाचता येतो. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन अंक आरटीओचे: ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, ४३ नवी मुंबई. मग अक्षरांची मालिका आणि शेवटी चार अंक. संगणकात भरताना कार्यालयात एकच पद्धत ठरवा. माझा आग्रह असा की मध्ये जागा नको, आडवी रेघ नको, आणि चार अंकांतलं सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही. 'एमएच १० - ५६' आणि 'एमएच१०००५६' ही माणसाला एकच गाडी वाटते, संगणकाला दोन वाटतात. ई-वे बिलावरचा गाडी क्रमांक आणि ट्रॅकिंगमधला क्रमांक जुळवायची वेळ आली की हा फरक डोकं खातो.

पण नंबर प्लेट म्हणजे गाडीची कायमची ओळख नव्हे. गाडी दुसऱ्या राज्यात कायमची गेली की क्रमांक बदलतो. नवी गाडी शोरूममधून आली की पासिंग होईपर्यंत तिला हा क्रमांकच नसतो, आणि डबा बऱ्याचदा त्याच काळात बसतो. म्हणून दुसरा नंबर घ्यायचा तो चासी नंबर.

चासी नंबर १७ अंक-अक्षरांचा असतो. आरसीवर पूर्ण छापलेला असतो आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेलाही असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमए३ म्हणजे मारुती सुझुकी. भारतात बनलेल्या बहुतेक गाड्यांचा चासी नंबर एम या अक्षराने सुरू होतो. मधली अक्षरं गाडीच्या प्रकाराबद्दल बोलतात आणि शेवटचे अंक त्या गाडीचा स्वतःचा अनुक्रम असतो.

इथे एक नियम लक्षात ठेवला तर निम्म्या चुका टळतात. १७ अक्षरांच्या या पद्धतीत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. तेव्हा चिखलाने माखलेल्या सांगाड्यावर तुम्हाला 'ओ' दिसलं तर ते शून्य आहे, आणि 'आय' दिसलं तर तो एक आहे. विचार करत बसायचं कारण नाही. उत्तर अमेरिकेत नववं स्थान पडताळणीच्या अंकाचं असतं, आपल्याकडे तसं बंधन नाही. म्हणून परदेशी संकेतस्थळावर आपला चासी नंबर टाकला आणि त्याने 'चुकीचा' म्हटलं तर घाबरू नका, आरसीशी ताडून पाहा.

फास्टॅगचा विषय इथेच संपवतो, कारण नवीन लोक तो जीपीएसमध्ये मिसळतात. काचेवरचा फास्टॅग ही रेडिओ लहरींवर चालणारी चिठ्ठी आहे. टोलनाक्यावरच्या यंत्राने विचारलं की ती आपला क्रमांक सांगते. गाडी कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं आणि ती ते पाठवतही नाही. टोलच्या नोंदी ट्रॅकिंगशी पडताळायला उपयोगी पडतात, तेवढंच. नव्या सुरक्षित नंबर प्लेटवर लेझरने कोरलेला लहान क्रमांक असतो, तोही प्लेटचा. ट्रॅकिंगला त्याची गरज नाही.

दुसरी पायरी: डबा हातात घ्या

डबा डॅशबोर्डच्या आत जाण्याआधी त्याच्या पाठीवरचं लेबल वाचा आणि फोटो काढा. एकदा तो वायरींच्या गुंत्यात बसला की पुन्हा काढायला फिटर लागतो.

लेबलवर दोन-तीन नंबर असतात. त्यातला १५ अंकी तो आयएमईआय. मोबाइल नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला हा असतो. तुमच्या फोनवर *#०६# दाबलं की दिसतो, तोच प्रकार. पहिले आठ अंक यंत्राच्या मॉडेलचे. त्यातलेही पहिले दोन सांगतात की क्रमांक कोणत्या संस्थेने दिला: ३५ ब्रिटनमधली, ८६ चीनमधली, ९१ भारतातली. पुढचे सहा अंक त्या एका यंत्राचा अनुक्रम. एकाच खोक्यातून आलेल्या डब्यांचे पहिले आठ अंक एकच असतात, त्यामुळे कामाचे असतात ते शेवटचे सात. 'शेवटचे चार सांग' ही सवय मोडा. १०० डबे झाले की शेवटचे चार कुठेतरी जुळण्याची शक्यता बरीच असते.

पंधरावा अंक पडताळणीचा. तो आधीच्या चौदांवरून काढलेला असतो. ही रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी मांडली आणि १९६० मध्ये तिला पेटंट मिळालं. बँकेच्या कार्डांवरही हीच चालते. हाताने एकदा करून बघा, मग कायमची कळेल.

नमुना म्हणून नेहमी दिला जाणारा क्रमांक घेऊ: ४९०१५४२०३२३७५१८. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे सम जागेवरचे अंक दुप्पट करायचे. ते आहेत ९, १, ४, ०, २, ७, १. दुप्पट केल्यावर १८, २, ८, ०, ४, १४, २. उत्तर दोन अंकी आलं तर ते दोन अंक मिळवायचे, म्हणजे १८ चे ९ आणि १४ चे ५. बेरीज ९ + २ + ८ + ० + ४ + ५ + २ = ३०. आता विषम जागेवरचे, तेराव्यापर्यंत: ४, ०, ५, २, ३, ३, ५. बेरीज २२. दोन्ही मिळून ५२. पुढचा दहाचा पाढा ६०, म्हणून पडताळणीचा अंक ८. क्रमांकाचा शेवटचा अंक बघा, ८ च आहे.

रोज कोणी हे कागदावर करत नाही. नोंदीच्या शीटमध्ये एकदा सूत्र बसवून घ्यायचं. एक अंक चुकला तर ही रीत हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी जवळपास नेहमी पकडते, फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. पण आमच्या द्राक्षांच्या वेळची चूक तिने पकडली नसती, कारण तिथे दोन्ही क्रमांक खरे होते, फक्त चुकीच्या गाडीसमोर होते. त्यावरचा उपाय शेवटी सांगतो.

आयएमईआयखेरीज लेबलवर उत्पादकाचा अनुक्रमांक असतो. त्याची लांबी, अक्षरं, सगळं कंपनीगणिक वेगळं. हमीसाठी तो जपून ठेवा, पण ट्रॅकिंगच्या रकान्यात भरू नका.

तिसरी पायरी: सिमचे तीन नंबर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण एका सिमला तीन नंबर असतात आणि तिघांनाही बोलताना 'सिम नंबर' म्हणतात.

पहिला, सिमच्या प्लॅस्टिकवर छापलेला १९ किंवा २० अंकी क्रमांक. त्याला आयसीसीआयडी म्हणतात. सुरुवात ८९ ने होते, कारण ८९ हा दूरसंचाराचा आकडा आहे. पुढे देशाचा ९१. म्हणून भारतातलं सिम ८९९१ ने सुरू होतं. हा क्रमांक वस्तूचा आहे, त्या सिमच्या चिपचा. रिचार्ज, बंद करणं, चालू करणं यासाठी कंपनी बहुधा हाच मागते.

दुसरा, आत साठवलेला १५ अंकी क्रमांक, आयएमएसआय. नेटवर्क याच्यावरून ग्राहक ओळखतं. भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. तो बाहेर कुठे छापलेला नसतो आणि तुम्हाला क्वचितच लागेल. पण तोही १५ अंकी असल्यामुळे कधी आयएमईआयच्या जागी भरला जातो. १५ अंकी क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू झाला की थांबा आणि पुन्हा तपासा.

तिसरा, फोन लावायचा नंबर. यंत्रांच्या सिमसाठी दूरसंचार विभागाने १ जुलै २०१८ पासून १३ अंकी नंबर आणले. म्हणून डब्यातल्या सिमचा नंबर १३ अंकी दिसला तर कोणीतरी तीन अंक जास्त लिहिले असं समजून ते खोडू नका. आमच्याकडे एका हुशार मुलाने तसे ११ नंबर 'दुरुस्त' केले होते. त्याचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रवासी वाहनांमध्ये सरकारी नियमाप्रमाणे बसवलेल्या डब्यात सिम बहुधा सर्किटवरच पक्कं बसवलेलं असतं आणि त्यात दोन कंपन्यांचं नेटवर्क असतं. ते काढून बदलता येत नाही. तिथे आयसीसीआयडी डब्याच्या लेबलवर किंवा उत्पादकाने दिलेल्या प्रमाणपत्रावर शोधायचा.

एक्सेलबद्दल चार शब्द, पण मनापासून

हे क्रमांक एक्सेलमध्ये भरण्याआधी तो रकाना निवडून 'टेक्स्ट' करा. आधी. भरून झाल्यावर नव्हे.

एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. आयएमईआय १५ अंकी असल्यामुळे तो वाचतो, जरी तो ४.९०१५४ई+१४ असा विचित्र दिसू लागला तरी. पण आयसीसीआयडीचे सोळाव्यापासूनचे अंक शून्य होतात. दिसायला क्रमांक पूर्ण लांबीचा राहतो, शेवटी फक्त शून्यं असतात. आणि नंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पहिलं शून्यही असंच गळतं. १०० सिमच्या यादीत सगळ्यांच्या शेवटी शून्यं दिसली तर ती यादी टाकून द्या आणि मूळ पाकिटांवरून पुन्हा करा.

चौथी पायरी: डबा सर्व्हरला स्वतःचं नाव काय सांगतो?

गाडी, डबा आणि सिम यांचे नंबर आता हातात आहेत. ट्रॅकिंगच्या प्रणालीत नवीन गाडी जोडताना ती एक 'आयडेंटिफायर' किंवा 'युनिक आयडी' मागते. इथे गाडीचा नंबर भरायचा नाही. फोनचा नंबरही नाही. डबा सर्व्हरशी बोलायला लागताना स्वतःचं जे नाव सांगतो, नेमकं तेच इथे लागतं.

बहुतेक वेळा ते नाव म्हणजे आयएमईआय. पण नेहमी नाही, आणि नवखा माणूस इथेच दोन-दोन दिवस अडकतो. सिनोट्रॅकसारख्या स्वस्त डब्यांवर १० अंकी आयडी छापलेला असतो आणि ते सर्व्हरला तोच सांगतात. त्यांच्यासाठी १५ अंकी आयएमईआय भरलात तर गाडी जन्मभर ऑफलाइन राहील.

शंका आली तर सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडा. ट्रॅकर (इंग्रजीत Traccar) नावाची मुक्त प्रणाली बरेच लहान वाहतूकदार स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. तिच्या नोंदीत अनोळखी डबा आला की 'अननोन डिव्हाइस' आणि पुढे त्याने सांगितलेला क्रमांक असं लिहून येतं. तोच क्रमांक जसाच्या तसा उचलून भरायचा. मला तरी यापेक्षा खात्रीचा दुसरा मार्ग सापडलेला नाही.

नोंदीत काहीच दिसत नसेल तर डबा बहुधा चुकीच्या दारावर टकटक करतोय. प्रत्येक भाषेतल्या डब्यांसाठी सर्व्हरवर वेगळं पोर्ट असतं. या प्रणालीत मुळात ठरवून दिलेली पोर्टं अशी: जीटी०६ भाषा बोलणाऱ्या डब्यांना ५०२३, टेल्टोनिका कंपनीच्या डब्यांना ५०२७, एच०२ ला ५०१३. लहान दुचाकी-टेम्पोत बसणारे अनेक डबे जीटी०६ भाषा बोलतात, त्यामुळे तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

कच्च्या नोंदीत अंक-अक्षरांची लांबलचक माळ दिसते, तिला भिऊ नका. जीटी०६ चा पहिला निरोप ७८ ७८ ने सुरू होतो. मग लांबी, मग ०१ म्हणजे 'मी हजर आहे', आणि त्यापुढच्या १६ अंकांत पहिलं शून्य आणि मग तुमचा १५ अंकी आयएमईआय. ते पुढचं शून्य जागा भरण्यासाठी असतं, नोंद करताना सोडून द्यायचं. टेल्टोनिकाचा डबा वेगळं करतो, प्रत्येक अंकाच्या आधी ३ लावून पाठवतो. ३३ ३५ ३६ दिसलं तर ते ३५६ आहे. एवढं कळलं की डबा आपलं नाव सांगतोय की नाही, हे कोणाला न विचारता तुम्हाला कळेल.

जाता जाता एक काळजीची गोष्ट. यातले बहुतेक डबे सर्व्हरला फक्त नाव सांगतात, पासवर्ड सांगत नाहीत. आयएमईआय आणि सर्व्हरचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही तुमच्या गाडीच्या नावाने खोटं ठिकाण पाठवू शकतो. एसएमएसने आज्ञा घेणाऱ्या कित्येक स्वस्त डब्यांचा पासवर्ड कारखान्यातून १२३४५६ असाच येतो. तो बसवतानाच बदला, आणि लेबलचे फोटो मोठ्या ग्रुपवर टाकू नका.

पाचवी पायरी: निरोपातले कोड वाचा

आतापर्यंतचे नंबर वस्तूंचे होते. आता डबा दर काही सेकंदांनी जो निरोप पाठवतो, त्याच्या आतले कोड. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असली तरी आपल्याकडे एक भाषा सगळ्यांनी शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे एआयएस १४०. वाहन उद्योगाची ही मानकं पुण्यातली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था प्रकाशित करते. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर सार्वजनिक वाहनांतल्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला, आणि टॅक्सी-बससारख्या प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र व संकटकाळचं बटण लागू झालं. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षांना त्यातून वगळलं आहे.

या भाषेत निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, ताऱ्याच्या चिन्हाने संपतो आणि मधली माहिती स्वल्पविरामांनी वेगळी केलेली असते. त्यात आयएमईआय आणि गाडीचा क्रमांक शेजारी-शेजारी असतात. मला हे फार आवडतं, कारण कोणत्या डब्याला आपण कोणत्या गाडीत आहोत असं वाटतंय, ते थेट दिसतं. पण सावध राहा. गाडीचा क्रमांक डब्याला ओळखू येत नाही. बसवणाऱ्याने आत जो लिहिला, तोच तो बोलत राहतो. डबा दुसऱ्या गाडीत हलवला आणि आतला क्रमांक बदलला नाही, तर तो जुन्या गाडीचंच नाव सांगत फिरेल.

आता निरोपाचा प्रकार. एनआर म्हणजे नेहमीचा. त्याच्या जोडीला इशाऱ्याचा आकडा असतो. १ म्हणजे नेहमीचं ठिकाण, २ म्हणजे साठवून ठेवलेलं जुनं ठिकाण. ३ म्हणजे गाडीच्या बॅटरीपासून डबा तुटला, ६ म्हणजे पुन्हा जोडला. ४ म्हणजे डब्याची आतली बॅटरी उतरली. ७ किल्ली चालू, ८ किल्ली बंद. ९ म्हणजे डबा उघडला. १० म्हणजे संकटाचं बटण दाबलं, ११ म्हणजे ती स्थिती संपली. १३ जोरात ब्रेक, १४ जोरात वेग, १५ धसमुसळं वळण.

यातला १० पाठ हवा, झोपेतही. बाकीचे समोर चिकटवून ठेवले तरी चालतील.

३ आणि ६ यांच्याबद्दल थोडं. रोज रात्री एकाच वेळी ३ आणि सकाळी ६ येत असेल, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर काही लपवत नसतो. गाडीला मेन स्विच असतो आणि तो रात्री बंद करतो, डब्याची वायर त्या स्विचच्या पुढून घेतलेली असते. फिटरला बोलावून वायर थेट बॅटरीवरून घ्यायला सांगा. माणसावर संशय घेण्याआधी वायर बघायची, हे मी या कामात फार उशिरा शिकलो.

त्यानंतर एक अक्षर असतं, एल किंवा एच. एल म्हणजे आत्ताचं, एच म्हणजे जुनं. माळशेज किंवा कसारा घाटात नेटवर्क गेलं की डबा गप्प बसत नाही, ठिकाणं आत साठवत राहतो आणि नेटवर्क आलं की पाठवतो. त्यामुळे गाडी कल्याणच्या पुढे पोहोचलेली असताना नकाशावर ती मागे उडी मारून घाटात गेल्यासारखी दिसते. मालक घाबरून फोन करतो. एच दिसला की सांगायचं, हा मघाचा निरोप आहे, आत्ता पोहोचलाय.

शेवटची महत्त्वाची खूण म्हणजे 'फिक्स': १ असेल तर उपग्रहांवरून ठिकाण मिळालं, ० असेल तर नाही. ० असताना दिसणारं ठिकाण शेवटचं माहीत असलेलं असतं. गोदामाच्या पत्र्याखाली हे हमखास होतं. निरोपात जवळच्या मोबाइल टॉवरचे कोडही असतात आणि त्यावरून ढोबळ अंदाज येतो, पण तो अंदाजच. त्याच्या जोरावर ड्रायव्हरला 'तू तिथे काय करत होतास' असं विचारू नका.

दोन जुने घोळ: अंश आणि वेळ

काही डबे उपग्रह-यंत्राची मूळ ओळ तशीच पुढे पाठवतात. तिच्या सुरुवातीच्या दोन अक्षरांवरून उपग्रह कोणाचे ते कळतं. जीपी म्हणजे अमेरिकेचे, जीएल रशियाचे, जीए युरोपचे, जीआय आपल्या भारताच्या 'नाविक' प्रणालीचे, आणि जीएन म्हणजे सगळ्यांचं मिळून. आरएमसी नावाच्या ओळीत पुढे ए असेल तर ठिकाण खरं, व्ही असेल तर धरू नका.

या ओळीत अक्षांश असा येतो: १८३१.२२४०. तो १८.३१ अंश नव्हे. पहिले दोन आकडे अंश, उरलेला भाग मिनिटं. ३१.२२४ भागिले ६० म्हणजे ०.५२०४, म्हणून खरा अक्षांश १८.५२०४. रेखांश ०७३५१.४०२० म्हणजे ७३.८५६७. हे झालं पुणे शहर. भागाकार न करता नुसतं टिंब सरकवलं तर गाडी चाळीसेक किलोमीटर नैऋत्येला, तोरण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात जाऊन बसते. गाड्या सारख्या डोंगरात किंवा समुद्रात दिसत असतील तर आधी हे तपासा.

वेळ उपग्रहांच्या जागतिक वेळेनुसार येते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ४ ला निघालेल्या गाडीची नोंद आदल्या दिवशीच्या रात्री १०.३० ची दिसते. म्हणजे तारीखसुद्धा बदलते, आणि ड्रायव्हरचा भत्ता तारखेवर असेल तर भांडण होतं. साडेपाच तास एकाच ठिकाणी मिळवा, डब्यात किंवा सर्व्हरवर. दोन्हीकडे मिळवले तर गाडी साडेपाच तास भविष्यात धावते.

जुन्या डब्यात कधी जवळपास वीस वर्षं मागची तारीख दिसते. अमेरिकन उपग्रह आठवडे मोजतात आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करतात. असं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. ते न समजणारे डबे तेव्हापासून मागे गेले आहेत. उत्पादकाकडून नवं सॉफ्टवेअर मिळालं तर ठीक, नाहीतर डबा बदला.

बदल झाला की काय बदलायचं

एका गाडीची एक ओळ, आणि त्या ओळीत गाडी क्रमांक, चासी नंबर, आयएमईआय, सर्व्हरला सांगितलेला आयडी, आयसीसीआयडी, १३ अंकी नंबर, बसवल्याची तारीख. ही वही किंवा शीट म्हणजे आपल्या कामाचा कणा.

सिम बदललं तर आयसीसीआयडी आणि १३ अंकी नंबर बदलतात, आयएमईआय तसाच. डबा जळाला आणि नवा आला तर आयएमईआय आणि आयडी बदलतात. प्रवासी वाहन असेल तर सरकारी 'वाहन' प्रणालीतली जोडणीही नव्याने करावी लागते, नाहीतर फिटनेसच्या दिवशी आरटीओत गाडी परत फिरते. वाळू-खडी वाहणाऱ्या गाडीचं तेच राज्य सरकारच्या महाखनिज प्रणालीबाबत. डबा एका गाडीतून दुसरीत हलवला तर आयएमईआय तोच राहतो आणि गाडी बदलते. हाच प्रकार सगळ्यात घातक, कारण कुठलीही पडताळणी तो पकडत नाही. जुनी ओळ खोडू नका. तिच्यासमोर 'या तारखेपर्यंत' लिहा आणि खाली नवी ओळ सुरू करा. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की मार्चमध्ये ही गाडी कुठे होती, तर उत्तर त्या जुन्या ओळीत असतं.

आणि आता तो उपाय, जो मी पुढे ढकलला होता. डबा बसवून झाला की यार्डात एकच गाडी चालू करायची, बाकीच्या बंद. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचं की ७ चा इशारा नेमका त्याच गाडीच्या नावासमोर येतो का. मग किल्ली बंद, ८ येतो का. प्रवासी गाडी असेल तर नियंत्रण कक्षाला आधी कळवून बटणही दाबून पाहायचं. मग गाडी गेटबाहेर काढून एक फेरी. ती फेरी नकाशावर त्याच नावाने उमटली की ओळीपुढे तारीख आणि पाहणाऱ्याची सही. पुढची गाडी त्यानंतरच चालू करायची.

एका गाडीला दहा मिनिटं लागतात. फिटरला घाई असते, संध्याकाळ झालेली असते, तो म्हणतो, 'साहेब, सगळ्या एकदम बघू.' त्याला चहा पाजा आणि एकेकच बघा.